भिंतीला भोक पाडायचंय! मृच्छकटिकाचा सेट आणि कपडे हौशी बजेटमध्ये कसे जमवायचे

मृच्छकटिक करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगला कोणीतरी मोबाईल काढून राजवाड्यांचे फोटो दाखवायला लागतं. खांब, कमानी, झुंबरं, मागे सोनेरी पडदा. आमच्याकडेही हेच झालं आणि फोटो दाखवणारी मीच होते, उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही. मग दोन दिवसांनी सदाशिव पेठेतल्या एका अमृततुल्यात बसून संहिता नीट वाचली तेव्हा कळलं की या नाटकात राजवाडा नाहीचे! राजा स्टेजवर येतसुद्धा नाही, त्याचा फक्त हुकूम येतो. आहे काय, तर चारुदत्त या कफल्लक झालेल्या भल्या माणसाचं घर, वसंतसेना या श्रीमंत गणिकेचा वाडा, रस्ता, बाग, कोर्ट आणि वधस्तंभाकडे जाणारी वाट. सगळं उज्जयिनीत. आणि नाटकाचं नाव कशावरून, तर चारुदत्ताच्या पोराच्या मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून.

मूळ शूद्रकाच्या संस्कृत नाटकाचे दहा अंक, आम्ही कापून सव्वादोन तासांवर आणलं. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणल्याला शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे "आमच्या आजोबांनी पाहिलंय" म्हणणारे पुण्यात भेटतातच, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि आपलं काम करायचं.

आधी पेन्सिल, मग चित्रं

सेटचं स्केच काढायच्या आधी एक काम करा. संहितेची प्रिंट घ्या आणि फक्त ज्या वस्तूला पात्र हात लावतं किंवा जिच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही तेवढीच अधोरेखित करा, वर्णनातल्या वस्तू सोडून द्या. आमची यादी अशी निघाली: वसंतसेनेचं लाल वस्त्र, जाईच्या वासाची शाल, पदराने विझणारा दिवा, घराचं बाजूचं दार, फोडायची भिंत, चोराचं, म्हणजे शर्विलकाचं जानवं, दागिन्यांचा डबा, चारुदत्ताच्या बायकोची, धूतेची रत्नमाला, मातीची गाडी, दोन बैलगाड्या, भिक्षूचं ओलं चीवर (अंगावरचं वस्त्र), लाल कण्हेरीची माळ. बास. खांब एक पण नाही.

ही यादी म्हणजेच तुमचा सेट आणि तुमची ड्रेपरी (कपडे), पैसे आणि वेळ दोन्ही इथेच घालायचे. बाकी काळे पडदे आणि दोन लेव्हल (उंच चौथरे). नाट्यशास्त्रात तर जागांसाठी सोयच करून ठेवलीय, स्टेजचे भाग पाडायचे, हा भाग घर, तो भाग रस्ता, आणि नटाने स्टेजवर एक गोल चक्कर मारली की तो दुसरीकडे पोचला. प्रेक्षक हे बिनतक्रार मान्य करतात. ज्या गावाने १९७२ साली घाशीराममध्ये माणसांची भिंत बघितली त्या गावाला परिक्रमा काय अवघड जाणारे.

वसंतसेनेच्या वाड्याचे आठ चौक चौथ्या अंकात आहेत आणि नवीन नेपथ्यकाराला तिथे हमखास खाज सुटते. करू नका. चारुदत्ताचा मित्र, विदूषक मैत्रेय एकेका चौकातून जात तोंडाने वर्णन करत जातो, तो नट चांगला असेल तर वाडा उभा राहतो, वाईट असेल तर तुमचे खांब त्याला वाचवणार नाहीत. आम्ही फक्त एक तोरण ठेवलं. मुळात दाराशी हस्तिदंती तोरण आहे, आपण प्लायची पट्टी कापून ऑफव्हाइट रंगवली, आणि प्रकाश प्रत्येक चौकाला थोडा थोडा उबदार करत नेला.

टेपपट्टी

स्केचच्या आधी थिएटरला जाऊन माप घ्या, आणि स्वतः घ्या, कोणाच्या जुन्या वहीतलं नको. स्टेजच्या तोंडाची रुंदी, खोली, दोन्ही विंगांत किती जागा मोकळी आहे, वरचे बार कुठे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सामान आत घ्यायचं दार केवढं आहे नि जिन्याला वळण आहे का. बालगंधर्वला जे भव्य दिसतं ते छोट्या सुदर्शनला प्रेक्षकांच्या मांडीवर येतं. आम्ही एकदा दहा फुटी फ्लॅट (सेटच्या भिंतीची उभी चौकट) हौसेने बनवला होता, तो एका ठिकाणी जिन्यात वळेचना, मग प्रयोगाच्या दिवशी सकाळी करवतीने दोन तुकडे. तेव्हापासून नियम, आठ बाय चारपेक्षा मोठं काही बनवायचं नाही, मोठं हवं तर दोन जोडायचे, मध्ये बिजागरी आणि खिट्टी. छोट्या हत्तीतही आठ फुटी तिरके मावतात.

फ्लॅटला लाकडी पट्ट्यांची चौकट, वर मांजरपाट ताणून ठोकायचा, मग पाणी घातलेला फेव्हिकॉल आणि खडूची पूड असं खळीसारखं करून एक हात मारायचा, वाळला की ढोलासारखा ताठ होतो. त्यावर डिस्टेंपर. चकचकीत ऑइलपेंट चुकूनही नको, लाइट पडला की भिंत आरशासारखी चमकते. लाकडासाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, पण मापं लिहून न्या आणि तिथूनच कापून आणा.

आता ती भिंत

हा या नाटकाचा खरा सेट. तिसऱ्या अंकात शर्विलक रात्री चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो, आणि तो साधासुधा चोर नाही, त्याचं चोरीचं शास्त्र आहे. भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीचा गिलावा असेल तर पाणी मारायचं, लाकूड असेल तर चिरायचं. भोकाचे आकार पण सात, कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर वगैरे, आणि इथे तो निवडतो पूर्णकुंभ, म्हणजे भरलेल्या घड्याचा आकार. माप घ्यायला टेप विसरलाय तर जानव्याने मोजतो!! नेपथ्यकाराला याच्याहून स्पष्ट ऑर्डर कोण देणार? भिंत भाजलेल्या विटांची पाहिजे, विटा सुट्या निघाल्या पाहिजेत, आणि सगळ्या निघाल्यावर प्रेक्षकांना घड्याचा आकार दिसला पाहिजे.

पहिला विचार थर्माकोलचा येतो, पण राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, आणि तसंही तो घासला की असा किरकिर आवाज करतो की चोर पकडला जाईल. आम्ही बुटांची खोकी वापरली. ओळखीच्या दुकानांतून गोळा केली, सगळी एकाच मापाची मिळणार नाहीत, तीन मापं ठेवा, खऱ्या जुन्या भिंतीतही विटा कुठे सारख्या असतात. खोक्यावर वर्तमानपत्राचे दोन थर चिकटवायचे, मग गेरू, थोडी काळी शाई आणि फेव्हिकॉल असं मिश्रण स्पंजने थापायचं, ब्रशने नाही. ब्रशने विटा रंगवलेल्या दिसतात, स्पंजने विटा वाटतात. प्रत्येक खोक्यात एक मूठ वाळूची पुरचुंडी चिकटवा. नाहीतर नट वीट उचलतो आणि हात पिसासारखा वर जातो, पहिल्या रांगेत हशा.

आणि आता आमची फजिती. पहिल्यांदा आम्ही विटा नुसत्या एकावर एक रचल्या, बाजूला दोन फ्लॅट, झालं. रंगीत तालमीला शर्विलकाने दुसरी वीट ओढली आणि वरची सगळी भिंत झोपलेल्या मैत्रेयाच्या अंगावर! तो इमानदारीत झोपूनच राहिला, त्याचं कौतुक. उपाय असा की मागे एक प्लाय उभा करायचा, त्यात आधीच पूर्णकुंभाचा आकार कापायचा, त्या कापलेल्या जागेतच फक्त सुट्या विटा, आणि भोवतीच्या विटा प्लायला पक्क्या चिकटवलेल्या. सुट्या विटांच्या मधे मधे प्लायला आतून पातळ लाकडी पट्ट्या टेकू म्हणून ठेवा म्हणजे वरची वीट खालचीवर अवलंबून राहत नाही. विटांच्या मागे बारीक आकडे घाला, कुठली आधी, कुठली नंतर, आणि नटाकडून हा क्रम तोंडपाठ करून घ्या. आमच्या बावीस सुट्या विटा होत्या, नट ते भाषण बोलत बोलत साडेतीन मिनिटांत काढायचा. वाकून आत जाता येईल एवढं भोक पाहिजे, म्हणजे नट कास्ट झाल्यावरच माप ठरवा :)

हीच भिंत फिरवली की मागची बाजू वसंतसेनेची, गुळगुळीत, निळसर हिरवी. खाली चार चाकं, दोन ब्रेकवाली. एका ब्लॅकआऊटमध्ये दोन माणसं फिरवतात. चाकं स्वस्तातली घेतलीत तर शांत प्रसंगात चूं चूं वाजतात, तिथे कंजूषपणा नको.

बाजूचं दार मात्र विसरू नका. पहिल्या अंकात मैत्रेय आणि दासी रदनिका त्याच दाराने बाहेर पडतात आणि वसंतसेना अंधारात त्याच दाराने आत शिरते, पुढे सहाव्या अंकात गाडी चुकते ती पण त्याच दारापाशी. एक उभी चौकट पुरते, दार लावू नका, पण ती चौकट नाटकभर जागेवरून हलवू नका.

अंधार आणि लाल रंग

पहिला अंक सगळा अंधारातला. राजाचा मेहुणा शकार, त्याचा सोबती विट आणि नोकर चेट वसंतसेनेचा पाठलाग करतायत, दिसत कोणालाच काही नाही, तिच्या माळेच्या वासावरून आणि नूपुरांच्या आवाजावरून माग काढतायत. आणि संहिता म्हणते तिचं वस्त्र लाल रेशमी आहे, वाऱ्यावर फडफडतंय. आता रात्र म्हटलं की लाइटवाला डोळे मिटून निळं जिलेटीन, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद, लावतो. निळ्या उजेडात लाल कापड काळं दिसतं, कारण लाल कापड फक्त लाल उजेड परत फेकतं आणि निळ्यात तो नसतोच. म्हणजे तुम्ही लक्ष्मी रोडवर अर्धा दिवस घालवून आणलेला तो सुंदर लाल शेला स्टेजवर काळं फडकं होतो.

कापड घ्यायच्या आधी अर्धा मीटर नमुना आणा, आणि लाइटवाल्याकडून निळ्या जिलेटीनचा तुकडा मागून घ्या, रात्री खोलीतले दिवे घालवून टॉर्चवर तो तुकडा धरून कापड बघा. आम्ही पाच लाल आणले होते, पाचही मेले. मग उलटं केलं, सगळीकडे अगदी मंद निळा आणि वसंतसेनेच्या वाटेवर विंगेतून कंबरेच्या उंचीवर अंबरचा एक आडवा झोत. ती धावते तेव्हा लाल मधेच पेटतो मधेच विझतो, आणि शकार त्या झोतात कधीच येत नाही. सगळ्यात छान दाद त्यालाच मिळाली, खर्च शून्य. कापड मात्र हलकं पाहिजे, जड सिल्क फडफडत नाही, लटकतं. रविवार पेठेत कापडगंजात साधं अस्तराचं लाल कापड मिळतं त्याने काम झालं, काठ वेगळा लावला.

दिवा खरा पेटवायचा मोह आवरा, थिएटरवाले आगीला परवानगी देत नाहीत आणि लांब पदर घातलेली नटी धावत असताना देऊ पण नये. पणतीत एलईडीची वात बसवा, बटण पणतीच्या बुडाला. वसंतसेना पदराने दिवा विझवते तेव्हा पदराखाली बोट बटणावर जातं, हे तिला वीस वेळा करून बघू द्या. तिसऱ्या अंकात शर्विलक दिवा विझवायला एक किडा सोडतो, तिथे किडा वगैरे दाखवू नका, मूठ उघडायची, नजर हवेत फिरवायची आणि बुडाशी बटण.

कपड्यांसाठी लोकल पकडा

आपल्याकडे "जुनं नाटक" म्हटलं की ड्रेपरीवाल्याकडून दोन गठ्ठे येतात, एक नऊवारी, पुणेरी पगडीवाला, नाहीतर मग तो चकचकीत जरीचा राजा ड्रेस. दोन्ही उज्जयिनीचे नाहीत. तुम्हाला नाटक मुद्दाम पेशवाईतल्या पुण्यात आणायचं असेल तर जरूर आणा, मस्त होईल, पण मग कोर्ट, कोतवाल, गणिका, भिक्षू सगळ्यांचं काय ते ठरवा. चारुदत्त उत्तरीयात आणि मैत्रेय पगडीत असा अर्धवट मामला नको.

आम्ही मूळ काळाजवळ राहायचं ठरवलं आणि रेफरन्ससाठी नेटवर डोकं फोडण्यापेक्षा एका रविवारी लोणावळा लोकलने मळवलीला उतरलो. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओवरीत भिंतीवर जी स्त्रीपुरुषांची जोडपी कोरलीयत त्यांच्यासमोर वही घेऊन तासभर बसा. लेणी नाटकापेक्षा जुनी आहेत, पण कापड नेसायची आणि गुंडाळायची समज तिथे दगडात धडधडीत दिसते. पुरुषांचे फेटे कसे गाठी मारून बांधलेत, बायकांच्या पायातले जाड जाड वाळे, कंबरेला मेखला, कमरेखाली कापडाच्या चुण्या कुठे पडतात. फोटो सगळेच काढतात, पण हाताने काढलं की गाठ कुठे आहे ते कळतं. शिवलेलं जवळजवळ काही नाही, सगळं नेसलेलं, बांधलेलं. नट्यांच्या वरच्या कपड्याचं मात्र त्यांच्याशी बोलून ठरवा, आम्ही नेसण्याच्याच कापडाची आखूड चोळी शिवली, कोणाचं काही अडलं नाही.

चारुदत्ताच्या कपड्यात सगळेजण चुकतात. गरीब म्हणून ठिगळं लावतात. अहो तो जन्माचा गरीब नाही, दान करून करून गरीब झालेला व्यापारी आहे, त्याचं कापड उंची पण जुनं. काठ खरा पण विटलेला, रफू केलेला आणि रफू नीट केलेला. आम्हाला हे कापड कुठे मिळालं तर एका मित्राच्या आजीच्या ट्रंकेत, आजोबांचा जुना कद, म्हणजे सोवळ्याचं रेशमी धोतर. विरलेला, पिवळट, आणि असा अंगाला चिकटून पडायचा की बाजारात पैसे देऊन मिळाला नसता. तुमच्याकडे कद नसेल तर जाड काठाचं सुती धोतर घ्या, सोड्यात उकळून खळ काढा, मग कडक चहाच्या पाण्यात रात्रभर, वाळल्यावर गुडघे आणि कडा पॉलिश पेपरने हलकेच घासा. पांढराशुभ्र कपडा तसाही लाइटखाली डोळ्यात जातो, त्यामुळे स्टेजवरच्या सगळ्या पांढऱ्याला चहा पाजा. हळदीने रंगवू नका, पुढच्या वेळी साबण लागला की लाल डाग पडतात.

त्याची जाईच्या वासाची शाल ही या नाटकात फिरणारी वस्तू आहे. मित्राकडून त्याला मिळते, अंधारात तो दासी समजून वसंतसेनेच्या अंगावर टाकतो, पुढे हत्तीला आवरणाऱ्या वसंतसेनेच्या नोकराला, कर्णपूरकाला बक्षीस देतो आणि तिथून ती वसंतसेनेकडे पोचते, ती पांघरून बसते. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या काकांना पण "अरे ही तीच" असं कळलं पाहिजे. नाटकात दुसऱ्या कोणाच्याही अंगावर नाही असा रंग तिला राखून ठेवा, आम्ही मोरपिशी घेतला. छोट्या थिएटरात आम्ही घडीत खरे जाईचे गजरे तासभर ठेवले होते आणि ती झटकली तेव्हा पहिल्या तीन रांगांना वास आला. मोठ्या थिएटरात हे करून उपयोग नाही.

शकाराला मजा करा. हा राजाचा मेहुणा रामायण महाभारताची वाट्टेल तशी सरमिसळ करून फेकतो, म्हणून आम्ही त्याच्या कपड्यातही तीच सरमिसळ केली, गळ्यातलं कपाळाला, कंबरपट्टा खांद्यावर, तीन काठ, एकही दुसऱ्याशी जुळत नाही, पण सगळं महाग. यासाठी तुळशीबाग स्वर्ग आहे. दुपारी जा, संध्याकाळी गर्दीत भाव करता येत नाही. बाकी मैत्रेय, संवाहक, चेट वगैरे मंडळी पंचा आणि उपरण्यात भागतात, त्यावर फार डोकं लावू नका.

पात्रं पंचवीसच्या वर आणि नट बारा, त्यामुळे धोतरं शिवलेली ठेवा, निऱ्या कंबरपट्ट्याला टाचून. वेल्क्रो नको, शांततेत फर्रकन आवाज येतो, टिचबटणं आणि हूक बरे. कोण कुठल्या विंगेत काय बदलतो याचा तक्ता करून विंगेतच चिकटवा, आणि प्रत्येक बदल घड्याळ लावून करून बघा. ज्याला चाळीस सेकंद मिळतात त्याला शंभर लागत असतील तर नटाला ओरडू नका, कपडा बदला.

दागिने, गाडी आणि ट्रॅफिक जॅम

वसंतसेना जे दागिने ठेव म्हणून चारुदत्ताकडे ठेवते तेच चोरीला जातात, तेच तिच्याकडे परत येतात, तेच ती चारुदत्ताच्या पोराच्या, रोहसेनाच्या मातीच्या गाडीत भरते आणि तेच कोर्टात मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात नि चारुदत्त वसंतसेनेच्या खुनाच्या आरोपात अडकतो. हे प्रेक्षकाला ओळखता आलं नाही तर नवव्या अंकात नाटक कोसळलं म्हणून समजा. एकच ठळक आकार निवडा. आमचा होता सूर्यफुलाएवढा गोल पदक आणि जाड तोडे, पितळी, कारण प्लास्टिकचे पडल्यावर टकटक वाजतात, पितळ खणखणतं. धूतेची रत्नमाला पूर्ण वेगळी ठेवा, मोत्यांची, नाहीतर गोंधळ. आणि तो सोन्याचा डबा झोपलेल्या मैत्रेयाने अंघोळीच्या जीर्ण फडक्यात गुंडाळून धरलेला असतो, ते फडकं अजिबात विसरू नका, अख्खं घर त्या एका गाठोड्यात दिसतं.

मातीची गाडी कसब्यातल्या कुंभारवाड्यातून करून घ्या. खेळण्याच्या मापाची चार इंची गाडी पाचव्या रांगेनंतर दिसत नाही, किमान दहा इंच लांब करा. चाकं भाजलेली आणि बांबूच्या आसावर फिरणारी. नुसत्या मातीची जड होते आणि दागिने भरले की पोराला ओढवत नाही, म्हणून तळाला पातळ प्लाय घालून वर मातीचा लेप दिला. तीन घ्या. एक फुटते, एक तालमीत फुटते.

बैलगाड्यांना बैल आणता येत नाहीत हे सांगायला नको. आम्ही बुरूड आळीतून बांबू आणून दोन उभ्या चौकटी केल्या, वर पडदे, आत बसणारा स्वतः चालतो, पुढे गाडीवान जू खांद्यावर घेऊन. दोन्ही गाड्यांचा आकार हुबेहूब एक पाहिजे, फक्त आतलं अस्तर वेगळं, कारण वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत चढते हे प्रेक्षकांना तिच्या आधी एक क्षण कळायला हवं. ती गाडी तिथे का थांबलेली असते माहितीये? खेड्यातून आलेल्या गाड्यांनी रस्ता अडलेला असतो! संध्याकाळी लक्ष्मी रोडला उभं राहिलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही, आम्ही विंगेतून नुसता गाडीवानांचा कलकलाट दिला, हशा आलाच.

ओलं, लाल आणि विषारी

आठव्या अंकात शकाराने गळा दाबलेल्या वसंतसेनेला भिक्षू ओलं चीवर पिळून शुद्धीवर आणतो. स्टेजवर पाणी सांडलं की पुढच्या एन्ट्रीला कोणीतरी घसरणार, म्हणून चीवर नुसतं दमट, आत लपवलेल्या स्पंजमधून चार थेंब, आणि ती पडते त्या लेव्हलवर गोणपाट. चीवर गेरूने रंगवू नका, गेरू कापडात मुरत नाही, ओला झाला की वसंतसेनेच्या कपड्यांवर उतरतो. बाजारातला पक्का रंग घ्या.

शेवटच्या अंकात चारुदत्ताला वधाला नेतात तेव्हा गळ्यात लाल कण्हेरीची माळ, अंगभर रक्तचंदनाचे पंजे आणि वरून पीठ भुरभुरलेलं, बळी द्यायच्या जनावरासारखा. पूर्ण नाटकात सगळ्यात ताकदीचा वेश हाच. कण्हेर पुण्यात रस्त्यांच्या दुभाजकांवर ढिगाने फुललेली असते आणि कोणीतरी उत्साहाने तोडून आणतोच, त्याला थांबवा, कण्हेर विषारी असते, चीक अंगाला, डोळ्यांना, तोंडाला लागायला नको. क्रेप कागदाची फुलं करा. पंज्यांसाठी कुंकू नको, चार दिवस अंगावरून जात नाही आणि कद कायमचा गेला समजा. मुलतानी मातीत थोडा गेरू कालवून दाटसर लेप करा, विंगेत दोन माणसं एकाच वेळी छाती आणि पाठीवर पंजे उठवतात, दीड मिनिटात होतं. आम्ही यासाठी कदाऐवजी साधं पंचाचं धोतर नेसवलं, तेच बरोबरही वाटलं. पीठ अगदी चिमूटभर, खांद्यांवरच, जमिनीवर सांडलं की घसरडं होतं आणि मागून चांडाळ येतायत, ते जोरात येतात.

प्रयोग झाल्यावर कपडे त्याच रात्री वाळत घाला, घामाचा कद दुसऱ्या दिवशी कुबट होतो. दागिने मोजून डब्यात, विटा नंबराप्रमाणे गोणीत. आमच्या तीन गाड्यांपैकी जी वाचली ती रोहसेन झालेला पोरगा घरी घेऊन गेला, मागायला गेले तर दारात ती घेऊनच उभा होता, आत गोट्या भरलेल्या. परत मागवेना. विटा माझ्या माळ्यावर आहेत, बावीसच्या बावीस, कोणी मृच्छकटिक करत असेल तर घेऊन जा, फक्त सात नंबरची जरा चेपलीये.